मामाची नजर गेली, मग भाच्याचीही

तरुणपणी मामाची नजर गेली आणि काही वर्षांनी भाच्याचीही गेली की नाशिकमध्ये कुणीतरी हमखास सांगणार, त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळीची पूजा करून घ्या. सिडकोतल्या एका घराबद्दल असंच बोलणं कानावर आलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मामा-भाचा ही जोडी म्हणजे डॉक्टरसाठी मोठा धागा आहे. आजार आईच्या बाजूनेच सरकतोय म्हटल्यावर पहिला संशय मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर जायला हवा.

मायटोकॉन्ड्रिया पेशीला ऊर्जा देतात हे शाळेत झालंय, पण त्यांचा स्वतःचा छोटासा गोल डीएनए असतो, १६,५६९ अक्षरं आणि फक्त ३७ जीन्स. बाळाला तो आईच्या बीजांडातून मिळतो, बापाकडून नाही. म्हणजे आईकडून मुलगे-मुली दोघांनाही, पण पुढच्या पिढीत नेतात फक्त मुली.

असा आईकडून येणारा आणि तरुणपणी नजर घालवणारा आजार थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८७१ मध्ये नीट मांडला, म्हणून त्याला लेबर हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपथी म्हणतात. १९८८ मध्ये डग्लस वॉलेस यांच्या टीमने त्याचं कारण शोधलं: मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ११७७८ व्या जागी जी या अक्षराऐवजी ए. एवढंच! पण त्याने मायटोकॉन्ड्रियातल्या कॉम्प्लेक्स वन नावाच्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रातल्या एका प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल बदलतं. ३४६० आणि १४४८४ या जागांवरचे बदल धरले तर सुमारे ९० टक्के पेशंट या तिघांतच येतात.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. बिघाड बहुतेक वेळा शरीरभर सगळ्या पेशींत असतो, मग आंधळी फक्त डोळ्याची नसच का होते? कॉम्प्लेक्स वन इलेक्ट्रॉन पुढे ढकलता ढकलता प्रोटॉन पंप करतं आणि त्यावर एटीपी म्हणजे पेशीचं इंधन बनतं, ते अडखळलं की एटीपी कमी आणि वर पेशीला इजा करणारे फ्री रॅडिकल्स जास्त. अशक्त इंजिनचा ट्रक सपाट रस्त्यावर चालतो पण कसारा घाटात बसतो, तसं. आणि डोळ्यातला घाट म्हणजे रेटिनाच्या गँग्लियन पेशींचे तंतू, जे दिसलेलं मेंदूकडे नेतात आणि ज्यांची मिळून डोळ्याची नस बनते. बाकी बऱ्याच नसांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन असतं, पण रेटिनातून प्रकाश आरपार जायला हवा म्हणून डोळ्याच्या आत या तंतूंवर ते नसतं, नस चाळणीसारख्या पडद्यातून मागे बाहेर पडली की मग सुरू होतं. वेष्टन नाही म्हणजे सिग्नल तंतूच्या इंच-इंचावर नव्याने उभा करायचा, सोडियम-पोटॅशियम सतत पंप करत राहायचं, आणि त्यातही मॅक्युलाकडून (रेटिनाचा मधला, बारीक बघणारा भाग) येणारे तंतू सगळ्यात बारीक, म्हणजे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, खर्च जास्त आणि मायटोकॉन्ड्रियाला जागा कमी. म्हणून तेच आधी मरतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, लाल-हिरवा फिका पडतो, पण कडेचं दिसत राहतं. दुखत नाही. आधी एक डोळा जातो आणि काही आठवडे-महिन्यांत दुसरा.

म्युटेशन (म्हणजे डीएनएतला हा बदल) असलेल्या सगळ्यांची नजर जात नाही, पुरुषांत साधारण निम्म्यांची, बायकांत दहातल्या एकीची. इस्ट्रोजेन हे बायकांमधलं हार्मोन संरक्षण देत असावं असा अंदाज आहे. आणि आजार आईकडून येतो म्हणून "सुनेच्या माहेरचा दोष" वगैरे बोलणं तर सरळ क्रूर आहे, आईने काहीही केलेलं नसतं. पूजेने हे अक्षर बदलत नाही आणि ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज) समजून दिलेल्या स्टेरॉइडचाही यात उपयोग होत नाही. आयडेबेनोन या औषधाला २०१५ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही. जीन थेरपीच्या (बिघडलेल्या जीनची चांगली प्रत डोळ्यात सोडायची) चाचण्यांत एका डोळ्यात इंजेक्शन दिलं तर दुसराही थोडा सुधारलेला दिसला, पण "आता इलाज मिळाला" असे व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरवू नका.

घरात असा पेशंट असेल तर आईकडच्या नातेवाइकांची रक्ततपासणी डॉक्टरला विचारून करून घ्या. पेशंट पुरुष असेल तर त्याच्या मुलांना हे जात नाही, हे त्याच्या सासरच्यांना नक्की सांगा. म्युटेशन असलेल्यांनी बिडी-सिगरेट पूर्ण बंद करावी, दारूही टाळावी, आणि टीबीसाठी इथॅम्बुटॉल लिहून देत असतील तर ते घ्यायच्या आधीच डॉक्टरला हे सांगावं, कारण ते औषधही याच नसेला इजा करू शकतं.