ओढ्याला वळण देण्याआधीचं गणित

नोव्हेंबर 1995 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गिलरॉय शहरात उवस क्रीक या ओढ्याच्या पुनरुज्जीवनासाठी नवं पात्र खोदून तयार झालं. सुमारे 900 मीटर लांबीचं आणि एकासारखं एक नागमोडी वळण असलेलं. तीनच महिन्यांत, फेब्रुवारी 1996 च्या पुरात, ते वाहून गेलं.

त्या काळी अमेरिकेत नदीतज्ज्ञ डेव्ह रॉसगेन यांच्या वर्गीकरणाचा बोलबाला होता. उतार, रुंदी, खोली, तळातला गाळ पाहून ओढ्याचा प्रकार ठरवायचा आणि त्या प्रकाराला साजेसं पात्र खोदायचं. उवस क्रीकचं पात्रही तसंच आखलेलं. नद्यांचे अभ्यासक मॅट कॉन्डॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये उवस क्रीकचा इतिहास तपासला, तेव्हा दिसलं की अशी सुबक वळणं हा या ओढ्याचा मूळ स्वभावच नव्हता. पुराबरोबर भरपूर वाळू-गोटे आणणारा आणि पात्र बदलत राहणारा तो ओढा. म्हणून मला वाटतं, ओढ्याचं रूप ओळखणं ही सुरुवात झाली. पाण्याचा जोर मोजल्याशिवाय खोदाईला हात घालू नये.

तो जोर मोजण्याचं गणित मात्र जुनंच आहे. वाहत्या पाण्याची समीकरणं फ्रान्सच्या सँ-व्हेनाँ यांनी 1871 मध्ये मांडली. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांचं वेगाचं सूत्र 1889 चं. अडचण होती ती हाताने आकडेमोड करण्याची. ज्यांना ते शक्य नव्हतं ते नदीची छोटी प्रतिकृतीच बांधत. 1916 पासूनची आपली खडकवासल्याची संशोधन संस्था याच कामासाठी ओळखली जाते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने 1964 मध्ये जलशास्त्र केंद्र ('हेक') काढलं. तिथून 1968 मध्ये 'हेक-2' आणि 1995 मध्ये 'हेक-रास' हे ही आकडेमोड संगणकावर करणारे प्रोग्राम आले, तेही फुकट.

हे प्रोग्राम ओढे सुधारण्यासाठी लिहिलेले नव्हते. त्यांचं मुख्य काम होतं पूररेषा काढणं. 1968 मध्येच अमेरिकेत राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू झाली आणि पुढे नियम आला: पूरवाहिनीत, म्हणजे पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या पट्ट्यात, काही करायचं तर 100 वर्षांच्या पुराची (कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का असलेल्या पुराची) पातळी वाढणार नाही, हे दाखवा. आपल्याकडची लाल पूररेषाही 100 वर्षांच्याच पुराची. या नियमामुळे ओढ्याच्या पुनरुज्जीवनाच्या कामांनाही मॉडेल करणं भाग पडलं. मग लक्षात आलं की पातळीबरोबर प्रत्येक काटछेदावरचा, म्हणजे पात्राच्या आडव्या कापावरचा, वेग आणि तळावरचा ताणही हातात येतोय.

हा ताण महत्त्वाचा. किलोमीटरला 5 मीटर उतार आणि 1 मीटर खोल पाणी धरा. तळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे 49 न्यूटन जोर पडतो. एवढ्या जोरात सहा-सात सेंटीमीटरचा, म्हणजे मुठीएवढा गोटा जागचा हलू लागतो. काठाला त्याहून लहान दगड लावले असतील तर ते पहिल्याच मोठ्या पुरात जाणार, हे खोदाईआधीच कागदावर दिसतं. आपल्याकडे नाला खोलीकरणासाठी पोकलेन उतरवण्याआधी निदान एवढा हिशोब व्हावा, असं मला कळकळीने वाटतं.

2016 मध्ये हेक-रासच्या पाचव्या आवृत्तीत द्विमितीय, म्हणजे लांबीबरोबर रुंदीतलंही, गणित आलं. पाणी काठ ओलांडून कुठे पसरतं, वळणाच्या कुठल्या बाजूला वेग जास्त असतो, हे नकाशावर आखलेल्या जाळीच्या घराघरात दिसू लागलं. तरी आकडा भरतो माणूसच. मॅनिंगच्या सूत्रातला खडबडीतपणाचा गुणांक स्वच्छ, सरळ ओढ्याला 0.03 च्या आसपास असतो. दाट झाडोऱ्यात तो 0.1 च्याही वर जातो. पुनरुज्जीवनात काठावर झाडं लावतात. ती वाढली की गुणांक वाढतो, पाणी मंदावतं आणि पुराची पातळी चढते. म्हणून जाणता अभियंता तेच मॉडेल दोनदा चालवतो: रोपं लावली त्या दिवसाचं आणि झाडं वाढल्यानंतरचं.