रोमेनियाचा झेंडा आणि चाडचा झेंडा: कोणी कोणाचा ढापला?

झेंडे ओळखण्याच्या मोबाइलवरच्या खेळात माझी भाची मला सहज हरवते. परवा मात्र ती चिडली. पडद्यावर निळा, पिवळा, लाल असे तीन उभे पट्टे आले. तिनं ‘रोमेनिया’ दाबलं आणि फुली आली. बरोबर उत्तर होतं ‘चाड’. “मामा, पण रोमेनियाचा असाच आहे ना!” तिचं म्हणणं खरं होतं. खेळाचं उत्तरही खरं होतं.

दोन्ही झेंडे शेजारी ठेवून पाहा. काठीकडे निळा, मध्ये पिवळा, मोकळ्या टोकाला लाल. तिन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे. उंची आणि लांबीचं प्रमाण दोन्हीकडे २:३. पोलंड आणि इंडोनेशियाच्या झेंड्यांचा गोंधळ उडाला तर पांढरा वर की लाल वर एवढं पाहिलं की काम भागतं. इथं तीही सोय नाही. मग उरते ती रंगाची छटा. रोमेनियाच्या १९९४ च्या कायद्यानं छटा ठरवून दिल्या आहेत: कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा आणि व्हर्मिलियन, म्हणजे आपला हिंगुळी लाल. चाडचा निळा याहून थोडा गडद आहे, जुन्या नीळेच्या रंगाकडे झुकणारा. चांगल्या कागदावर दोन्ही लागून छापले तर हा फरक दिसतो. दोन महिने उन्हापावसात फडकलेल्या कापडावर तो शोधायला जाऊ नका.

त्यामुळे नुसते रंग निरखून हे कोडं सुटत नाही. ते इतिहासात शिरल्यावर सुटतं. पहिला प्रश्न अर्थात कोणी कोणाचं ढापलं हाच येतो, आणि माझ्या मते कोणीच नाही. चाडनं झेंडा निवडला तेव्हा त्याची नजर मालीकडे होती. रोमेनियानं आजचं रूप घेतलं तेव्हा त्याची नजर स्वतःच्याच मागच्या बेचाळीस वर्षांवर होती. एकमेकांकडे कोणी पाहिलंच नाही.

रोमेनियाची गोष्ट जुनी, म्हणून आधी ती. आज ज्याला आपण रोमेनिया म्हणतो त्यातली वालाखिया आणि मोल्डाविया ही दोन संस्थानं एकोणिसाव्या शतकात तुर्की सुलतानाच्या छत्राखाली होती. १८२१ मध्ये तुदोर व्लादिमिरेस्कू यानं वालाखियात उठाव केला. त्याचं निशाण पांढऱ्या रेशमाचं होतं, पण त्याला लावलेले गोंडे निळे, पिवळे आणि लाल होते. १८३४ मध्ये सुलतान महमूद दुसरा यानं वालाखियाला स्वतःची निशाणं वापरायची परवानगी दिली, त्यातही हेच तीन रंग आले. गोंड्यांमधून रंग कापडावर उतरले ते असे.

खरा तिरंगा आला १८४८ मध्ये. त्या वर्षी युरोपभर क्रांतीची लाट होती आणि पॅरिसमध्ये शिकणारी रोमेनियन तरुण मंडळी तिच्यात चिंब भिजलेली होती. वालाखियातल्या क्रांतिकारी सरकारनं जूनमध्ये फर्मान काढलं: राष्ट्रीय झेंडा निळा, पिवळा, लाल, आणि त्यावर ‘न्याय, बंधुता’ हे शब्द. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ती तारीख २६ जून. रोमेनियात आजही या दिवशी ध्वजदिन असतो. पट्टे आडवे की उभे यावर लगेच घोळ झाला. तेव्हा जुलैमध्ये दुसरं फर्मान काढून खुलासा करावा लागला की पट्टे उभे, आणि लाकडाजवळ निळा, मग पिवळा, मग लाल. हा ‘लाकडाजवळ’ शब्द मला फार आवडतो. काठीकडे कोणता रंग हे एखाद्या शिंप्याला समजावून सांगावं तसं सरकार सांगतंय.

उभे पट्टे कुठून आले हे सांगायला नको. पॅरिसच्या रस्त्यांवर जो झेंडा होता त्याचीच ही ठेवण. हे लक्षात ठेवा, कारण चाडच्या झेंड्याचे पट्टेही त्याच कारखान्यातून आलेत.

पुढे झेंड्यानं एक कोलांटी मारली, ती फार थोड्यांना ठाऊक असते. १८५९ मध्ये दोन्ही संस्थानांनी अलेक्झांड्रू इओआन कुझा या एकाच माणसाला आपापला राजा म्हणून निवडलं आणि ती एक झाली. कुझाच्या राजवटीत झेंड्याचे पट्टे चक्क आडवे होते: वर लाल, मध्ये पिवळा, खाली निळा. १८६६ मध्ये कुझाला पायउतार व्हावं लागलं, जर्मन घराण्यातला कारोल गादीवर आला, नवी राज्यघटना झाली आणि १८६७ च्या कायद्यानं पट्टे पुन्हा उभे केले. तेव्हापासून पट्ट्यांची जागा बदललेली नाही. बदलत राहिलं ते पट्ट्यांवर काय काढायचं ते.

३० डिसेंबर १९४७ ला राजा मिहाईकडून राजीनामा लिहून घेण्यात आला आणि देश ‘लोकांचं प्रजासत्ताक’ झाला. कम्युनिस्टांनी तीन रंगांना हात लावला नाही, मधल्या पिवळ्या पट्ट्यावर मात्र आपलं चिन्ह बसवलं. चिन्हात काय नव्हतं! डोंगर, जंगल, उगवता सूर्य, तेलाच्या विहिरीचा मनोरा, भोवती गव्हाच्या लोंब्या, आणि १९५२ पासून वर लाल तारा. सोव्हिएत छापाची मांडणी, पण सामान रोमेनियाचं. तेल तिथं खरंच निघत होतं, गहू खरंच पिकत होता. १९६५ मध्ये देशाचं नाव ‘समाजवादी प्रजासत्ताक’ झालं तेव्हा चिन्हातला मजकूर बदलला. अशी बेचाळीस वर्षं रोमेनियाचा झेंडा म्हणजे तीन पट्टे आणि मधोमध ते चिन्ह.

याच काळात चाड येतं.

चाड ही आफ्रिकेच्या पोटातली फ्रेंच वसाहत. समुद्र नाही. उत्तरेला सहाराचं वाळवंट, दक्षिणेला नद्यांचा हिरवा मुलूख. १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंच छत्राखालीच स्वायत्तता मिळाली आणि झेंडा ठरवायची वेळ आली. त्या दोनतीन वर्षांत आफ्रिकेत नवे झेंडे भराभर शिवले जात होते आणि बहुतेकांचा ओढा हिरवा, पिवळा, लाल या रंगांकडे होता. हे इथिओपियाचे रंग, आणि इथिओपिया म्हणजे युरोपीय सत्तांच्या वाटणीतून वाचलेलं राज्य. घानानं ते घेतले, गिनीनं घेतले, सेनेगल आणि आजचं माली मिळून झालेल्या माली संघराज्यानंही घेतले. चाडच्या मनातही हेच होतं: हिरवा, पिवळा, लाल, उभे. पण मालीचेही पट्टे नेमके तसेच. मग चाडनं हिरवा काढला आणि त्या जागी निळा लावला. ६ नोव्हेंबर १९५९ ला झेंडा मंजूर झाला आणि ११ ऑगस्ट १९६० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तोच राहिला.

मालीशी गोंधळ नको म्हणून एक पट्टा बदलला आणि पुढे तीस वर्षांनी तो गोंधळ हजारो किलोमीटर दूरच्या देशाशी झाला. यात चाडची चूक म्हणावी तर १९५९ मध्ये रोमेनियाच्या झेंड्यावर मधोमध ते भलंमोठं चिन्ह होतं. ते दोन झेंडे एकसारखे नव्हतेच. रोमेनियाच्या राजांचा जुना साधा तिरंगा तोवर इतिहासजमा झालेला होता.

चाडच्या रंगांचा सांगितला जाणारा अर्थ असा: निळा आकाशाचा, आशेचा आणि दक्षिणेतल्या पाण्याचा; पिवळा सूर्याचा आणि उत्तरेतल्या वाळवंटाचा; लाल प्रगतीचा, एकीचा आणि स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा. निळा नि लाल हे फ्रेंच झेंड्यातलेही रंग आणि उभे पट्टे तर सरळच फ्रेंच. म्हणजे दोन्ही झेंड्यांच्या उभ्या पट्ट्यांचं माहेर पॅरिस. एक झेंडा तिथं शिकायला गेलेल्या पोरांनी आवडीनं आणला, दुसरा तिथून आलेल्या साहेबाच्या राज्यात वाढला.

एक फरक मला छटेपेक्षा मोठा वाटतो. स्वातंत्र्यानंतर चाडनं काय पाहिलं नाही? पहिले अध्यक्ष फ्रांस्वा टोंबालबाय १९७५ च्या लष्करी उठावात मारले गेले. मग वर्षानुवर्षं यादवी. १९८२ मध्ये हिसेन हाब्रे यांनी राजधानी घेतली, १९९० मध्ये इद्रिस देबी यांनी त्यांना घालवलं आणि २०२१ मध्ये देबी मारले गेल्यावर त्यांचा मुलगा आला. एवढ्या उलथापालथीत झेंडा मात्र १९५९ चाच. तो बदलावा असं कोणत्याच विजेत्याला वाटलं नाही. रोमेनियात उलट: रंग पक्के, पण राजवट बदलली की झेंड्यावरून आधी हात फिरणार.

तसाच हात १९८९ च्या डिसेंबरमध्ये फिरला. या वेळी तो लोकांचा होता आणि हातात कात्री होती.

ठिणगी पडली टिमिशोआरा शहरात. लास्लो टोकेश या हंगेरियन वंशाच्या धर्मगुरूला सरकार घराबाहेर काढत होतं, त्याच्याभोवती माणसं जमली आणि बघता बघता शहर पेटलं. २१ डिसेंबरला राजधानी बुखारेस्टमध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांनी सज्जातून भाषण सुरू केलं आणि समोरच्या गर्दीतून आरडाओरडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ते हेलिकॉप्टरनं पळाले, २५ तारखेला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. या दिवसांची छायाचित्रं पाहिलीत तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: मध्ये गोल भोक असलेले झेंडे. लोकांनी पिवळ्या पट्ट्यावरचं चिन्ह कापून काढलं होतं. नवे झेंडे शिवायला वेळ कुणाला होता? रणगाड्यांवर, गच्च्यांवर, ट्रकच्या टपावर भोक पडलेला तिरंगा फडकत होता आणि भोकातून पलीकडची माणसं दिसत होती. ही युक्ती नवी नव्हती. शेजारच्या हंगेरीत १९५६ च्या उठावात लोकांनी आपल्या झेंड्यातलं कम्युनिस्ट चिन्ह असंच कापलं होतं.

२७ डिसेंबरला, म्हणजे चाउशेस्कूंच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी, नव्या सत्ताधाऱ्यांनी फर्मान काढलं की झेंडा निळा, पिवळा, लाल, त्यावर काही नाही. भोक बुजवलं गेलं आणि त्याच क्षणी रोमेनियाचा झेंडा चाडच्या झेंड्यासारखा झाला. बुखारेस्टमध्ये त्या आठवड्यात हा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही, आणि करायची वेळही नव्हती. १९९२ मध्ये रोमेनियानं गरुडाचं नवं राजचिन्ह घेतलं. ते झेंड्यावर बसवलं असतं तर गोंधळ मिटला असता. पण ज्या जागेवरून नुकतंच एक चिन्ह कापून काढलंय तिथं दुसरं शिवायचं, हे मनाला पटणं अवघडच.

एप्रिल २००४ मध्ये बातमी आली की चाडनं हा विषय संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला आहे. रोमेनियाचे तेव्हाचे अध्यक्ष इऑन इलिएस्कू यांनी तिरंगा आमचा आहे, तो आम्ही सोडणार नाही, असं सरळ सांगून टाकलं. थोडक्यात, रोमेनियाला चाडची फारशी चाड वाटली नाही. विनोद सोडा, पण कायद्यानं यात फार काही होण्यासारखं नव्हतं. एका देशानं घेतलेला झेंडा दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून अडवणारं जागतिक नोंदणी कार्यालय नाही. मोनॅको आणि इंडोनेशिया वर लाल, खाली पांढरा असे झेंडे घेऊन सुखानं नांदतायत, फरक फक्त लांबीरुंदीच्या प्रमाणाचा. मिटवायचं मनात असलं तर मिटतंही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये लिश्टेनस्टाइन आणि हैती यांना आपले झेंडे एकसारखे असल्याचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी लिश्टेनस्टाइननं आपल्या झेंड्यावर मुकुट काढला.

या घोळात आणखी दोघं भाऊबंद आहेत, पण ते चटकन ओळखू येतात. अँडोराचे पट्टेही निळा-पिवळा-लाल, फक्त मधला जरा रुंद आणि त्यावर ढाल. मोल्डोवानं १९९० मध्ये रोमेनियाचेच तीन रंग घेतले, कारण भाषा आणि वंश यांचं नातं. पण मध्ये गरुड ठेवला आणि झेंडा लांबट केला, १:२.

भाचीला एवढं सगळं सांगत बसलो नाही. खेळात हा प्रश्न पुन्हा आला तर तिला अंदाजच करावा लागणार आहे. खेळाडूच्या छातीवर देशाची अक्षरं असतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या रांगेत झेंडे इंग्रजी वर्णक्रमानं लागत असल्यानं हे दोघे एकमेकांपासून लांब असतात, पण मोबाइलच्या पडद्यावर यातलं काहीच नसतं. तिला फक्त बुखारेस्टमधलं डिसेंबर १९८९ चं एक जुनं छायाचित्र दाखवलं. तिनं झेंड्यातल्या भोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा फाटलाय का?” मी म्हटलं, नाही, कापलाय. आणि असा दिसला तर डोळे मिटून रोमेनिया दाब.