हादऱ्याने नट का सुटतो: एका उशिरा सापडलेल्या उत्तराची पार्श्वभूमी

नट-बोल्टचे गणित कागदावर निर्धोक दिसते. एम-१० (म्हणजे १० मिमी व्यासाच्या) बोल्टच्या आट्यांचा चढ जेमतेम ३ अंशांचा असतो, आणि साध्या पोलादी आट्यांतले घर्षण ८-९ अंशांच्या उतारावरही नट जागीच धरू शकते. म्हणजे घट्ट आवळलेला नट आपसूक उलटा फिरायलाच नको. तरीही यंत्र थरथरत राहिले की तो फिरतो, आणि कधीकधी पार गळून पडतो. हे का होते, याचा नीट उलगडा १९६९ मध्ये झाला. तोवर जगभर जे तोडगे रूढ झाले होते ते अंदाजाने निघालेले होते, आणि त्यांतले काही आजही आपण डोळे मिटून वापरतो.

आट्यांना ठरीव माप मिळाले ते जोसेफ व्हिटवर्थ यांच्यामुळे, १८४१ मध्ये इंग्लंडात. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांच्या कोनाचे आटे सुचवले. त्याच सुमारास रेल्वे पसरत होती. विल्यम ब्रिजेस ॲडम्स यांनी १८४७ मध्ये फिशप्लेटचे, म्हणजे दोन रुळांची टोके सांधणाऱ्या धातूच्या पट्टीचे, पेटंट घेतले आणि रुळांची टोके बोल्टने जोडली जाऊ लागली. प्रत्येक चाक त्या सांध्यावरून ठोका देत जायचे आणि नट ढिले पडायचे. चेक नट (नटावर आवळलेला दुसरा नट), स्प्लिट पिन (आरपार घालून टोके वाकवलेली खीळ), स्प्रिंग वॉशर (नटाखालची कापलेली, किंचित वळलेली चकती), पुढे विमानांत बोल्टच्या डोक्यातून ओवलेली तार, नटाच्या तोंडाशी बसवलेले फायबरचे आणि नंतर नायलॉनचे कडे: हे सगळे नटाला अडवण्याचे उपाय. पण नट पडू न देणे आणि जोड घट्ट राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्प्लिट पिन नटाला गळू देत नाही; मात्र बोल्टमधला ताण उतरला तर ती काही करू शकत नाही.

आणि सगळा खेळ त्या ताणाचा आहे. बोल्ट आवळताना किंचित लांबतो, आणि परत आखडू पाहताना दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. पान्याने दिलेल्या टॉर्कपैकी, म्हणजे पिळण्याच्या जोरापैकी, साधारण ५० टक्के नटाच्या बुडाशी आणि ४० टक्के आट्यांत घर्षणातच खर्च होतो. जेमतेम १० टक्के ताण निर्माण करतो.

१९४५ मध्ये गुडियर आणि स्वीनी यांनी या प्रश्नाला प्रयोगाने हात घातला. त्यांनी बोल्टच्या लांबीच्या दिशेने भार कमी-जास्त केला. नट फिरला, पण अगदी थोडा. प्रत्यक्षात सुटून पडणाऱ्या नटांचे कोडे त्यातून सुटले नाही, कारण नट सोडवणाऱ्या भाराची दिशाच दुसरी होती.

ही दिशा जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ च्या शोधनिबंधात दाखवून दिली. त्यांच्या यंत्रात बोल्टने आवळलेली पट्टी आडवी मागे-पुढे सरकते, आणि प्रत्येक फेरीला बोल्टमधला ताण मोजला जातो. ताण भराभर उतरतो, नट स्वतःहून उलटा फिरतो. कारण विलक्षण सोपे आहे. उतरत्या फळीवर ठोकळा घर्षणाने स्थिर बसलेला असतो. फळी आडवी हलवून तो एकदा आडवा घसरू लागला की घर्षण त्या दिशेला गुंतते, आणि उताराचा क्षुल्लक ओढाही त्याला खाली नेतो. आट्यांचा ३ अंशांचा चढ हाच तो उतार. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा शोध हाच, कारण त्याने प्रश्न नटावरून उचलून जोडावर नेला: दोन भाग एकमेकांवर आडवे घसरलेच नाहीत, तर नट सुटणार नाही.

या चाचणीत स्प्रिंग वॉशर उघडा पडला. नासाच्या १९९० च्या फास्टनर पुस्तिकेने स्पष्टच लिहिले की पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि मग साध्या वॉशरपेक्षा काहीही अधिक करत नाही. जर्मनीने डीआयएन १२७ हे त्याचे मानकही मागे घेतले. तरी तो अजून सर्रास घातला जातो, आणि तो घातला म्हणून पुरेसे आवळणे राहून जाते, ही खरी चिंतेची बाब आहे.

काही उपाय मात्र टिकले. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये विकसित केलेला लॉकटाइट हा चिकटद्रव हवा असेतो पातळ राहतो आणि आट्यांत हवा मिळेनाशी झाली की धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. आट्यांमधली फटच भरल्याने आडव्या घसरणीला जागा उरत नाही. जपानमध्ये कात्सुहिको वाकाबायाशी यांनी देवळाच्या तोरी नावाच्या प्रवेशकमानीतील लाकडी पाचरीवरून दोन भागांचा हार्ड लॉक नट घडवला; तो तिथल्या शिंकानसेन या अतिवेगवान गाड्यांत वापरला जातो. स्वीडनच्या नॉर्ड-लॉकचे जोडवॉशर वेगळ्या युक्तीचे: त्यांच्या दातांचा चढ आट्यांपेक्षा अधिक असल्याने नट उलटा फिरू लागला तर ताण उलट वाढतो.

ज्ञान हाताशी असूनही अपघात झाले. १० मे २००२ रोजी इंग्लंडमधील पॉटर्स बार येथे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या (पॉइंट्स) दांड्यांवरचे नट जागेवर नव्हते. गाडी रुळांवरून घसरली आणि ७ जण गेले. २३ फेब्रुवारी २००७ ला ग्रेरिग येथे अशाच सांध्याच्या आडव्या दांडीचा बोल्टचा जोड निकामी झाला, काही दिवस आधीची ठरलेली पाहणीही राहून गेली होती, आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर ब्रिटनमधील रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने केवळ नट पुन्हा आवळण्यावर भागवले नाही. दांडीचीच रचना बदलून नळीच्या आकाराची नवी दांडी आणली.