नवजात अर्भकांतील तात्पुरती थायरॉइड न्यूनता

जन्मानंतर बाळाच्या थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथीतून पुरेसे संप्रेरक स्रवत नाही, पण काही आठवड्यांत, महिन्यांत किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत ग्रंथीचे काम सुरळीत होते, अशी अवस्था. रक्तात टी४ हे थायरॉइडचे संप्रेरक कमी आणि थायरॉइडला चालना देणारे, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारे टीएसएच वाढलेले आढळते. कायमच्या न्यूनतेतही हेच चित्र दिसते. त्यामुळे न्यूनता तात्पुरती होती, हे बहुतेक वेळा ती ओसरल्यावरच ठामपणे सांगता येते.

कारणांत आयोडीन पहिले, आणि तेही दोन्ही बाजूंनी. गरोदरपणी आईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या ग्रंथीला कच्चा मालच मिळत नाही. उलट अतिरेक झाला तर ग्रंथी संप्रेरक बनवणेच थांबवते. प्रौढांची ग्रंथी या अटकावातून काही दिवसांत सुटते. नवजाताची, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाची, लवकर सुटत नाही. त्याच्या पातळ त्वचेवर जंतुनाशक म्हणून लावलेले पोव्हिडोन-आयोडीनही यासाठी पुरेसे ठरू शकते.

आई थायरॉइडच्या अतिस्रावासाठी कार्बिमाझोलसारखे औषध घेत असेल तर ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. त्याचा परिणाम एक-दोन आठवड्यांत सरतो. आईच्या रक्तातील, टीएसएचचे काम रोखणारी प्रतिपिंडे मात्र तीन ते सहा महिने टिकतात. येथे तपासणीही चकवू शकते: समस्थानिक स्कॅनमध्ये (किरणोत्सर्गी द्रव्य ग्रंथी शोषते का, हे पाहणारी तपासणी) ग्रंथी दिसतच नाही आणि ती जन्मतः नाही असा समज होतो, सोनोग्राफीत ती जागेवर आढळते. आईच्या शरीरात प्रतिपिंडे कायम राहिली तर पुढच्या बाळालाही हाच त्रास होऊ शकतो. संप्रेरक बनवण्यासाठी लागणाऱ्या ड्युऑक्स२ जनुकातील दोष आणि यकृतातील रक्तवाहिन्यांची मोठी गाठ ही आणखी काही कारणे.

बहुतेक बाळे जन्मतः निरोगीच दिसतात. रेंगाळलेली कावीळ, मंद चोखणे, बद्धकोष्ठता ही लक्षणे उशिरा येतात आणि तोवर मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ निघून जातो. म्हणून टाचेला टोचून रक्ताचे थेंब शोषकागदावर घेतात. जन्मताच टीएसएच नैसर्गिकरीत्या उसळून ६० ते ८० एककांपर्यंत जाते. त्यामुळे नमुना शक्यतो ४८ तासांनंतर घेतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात टीएसएच उशिरा चढू शकते, म्हणून त्याची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

न्यूनता ठळक असेल तर ती तात्पुरती आहे की कायमची, याचा निर्णय लागेपर्यंत थांबत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांतच दर किलो वजनामागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन (टी४ची उणीव भरणारे औषध) सुरू करतात. गोळी चुरून आईच्या थोड्या दुधात किंवा पाण्यात कालवून देतात. लोह, कॅल्शियम व सोयायुक्त दूध त्याच वेळी दिल्यास औषध नीट शोषले जात नाही.

वय तीन वर्षे झाल्यावर औषध सुमारे चार आठवडे बंद ठेवून रक्त तपासतात. ग्रंथी जागेवर असेल आणि अल्प मात्रेवर टीएसएच आटोक्यात असेल, तर ही चाचणी आधीही करता येते. याउलट ग्रंथी मुळातच नसेल किंवा वजन वाढताना मात्राही वाढवावी लागली असेल, तर न्यूनता कायमची असल्याचे बहुधा आधीच उमगलेले असते. औषध सुटलेल्या काही मुलांत टीएसएच पुढे पुन्हा चढते, त्यामुळे त्यांच्या अधूनमधून रक्ततपासण्या चालू ठेवतात.