वापसा

पाऊस उघडल्यावर जमिनीतले जादा पाणी निचरून गेलेले आहे, ओल मात्र टिकून आहे आणि माती औजाराला वा तळपायाला चिकटत नाही, अशी जमिनीची अवस्था. लेखनात ‘वाफसा’ हे रूपही आढळते. मराठवाड्यात याच अर्थाने ‘घात’ म्हणतात. पण घातीत ओलीबरोबर वेळही आली. म्हणून वापसा ‘येतो’, तर घात ‘साधावी’ लागते, नाहीतर ती निघून जाते.

मोठा पाऊस झाला की मातीच्या कणांमधल्या लहानमोठ्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. मोठ्या पोकळ्यांतले पाणी आपल्या वजनाने खाली उतरते आणि त्या जागी हवा शिरते. बारीक पोकळ्यांतले पाणी कणांना धरून राहते. मुळांना ओल आणि प्राणवायू दोन्ही मिळण्याची ही स्थिती. हलक्या मुरमाड रानात ती एका दिवसात येते आणि तितक्याच लवकर सरते. मराठवाड्याची भारी काळी जमीन बेसॉल्ट खडक झिजून बनलेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. ती पाणी सहजी सोडत नाही. गोदाकाठच्या खोल काळ्या रानात वापसा यायला तीन-चार दिवस लागतात, ढगाळ हवा राहिली तर आठवडाही जातो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या हलक्या माळावर तोवर एक कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती औताने हलवण्याचे काम, उरकलेली असते.

वापसा पाहण्याची रीत सोपी आहे. वरचा थर बाजूला सारून चार-सहा बोटे खालची माती मुठीत घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. गोळा पडून चपटा झाला तर थांबायचे, फुटून मोकळा झाला तर औत जुंपायचे. मुळात गोळाच वळला नाही, तर घात गेली. बहुतेक शेतकरी एवढेही करत नाहीत. चप्पल काढून पिकाच्या दोन ओळींमधून चालतात. ‘‘वरच्या पट्टीत आलाय, खाली अजून पाय रुततोय,’’ असे उत्तर एकाच गटातल्या दोन तुकड्यांबद्दल मिळते.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यासाठी कृषी हवामान सल्ला काढते. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, वारा आणि आर्द्रता यांचा अंदाज त्यात असतो. खाली पीकवार शिफारशी असतात. ‘वापसा येताच अंतरमशागत करावी’, ‘वापसा असताना खताची मात्रा द्यावी’ ही वाक्ये पावसाळाभर त्यात भेटतात. अंदाज जिल्ह्याचा, पाऊस महसूल मंडळाचा (काही गावांच्या गटाचा) मोजलेला, आणि वापसा मात्र ज्याच्या त्याच्या रानाचा. सल्ल्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द असा वाचणाऱ्याच्याच हवाली केलेला असतो. हा काही सल्ल्याचा दोष नव्हे. ती गोष्ट परभणीत बसून पाहता येण्याजोगी नाहीच.

खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, वापसा पाहून करावी अशी शिफारस आहे. मृगाची एखादी सर पडून वरची दोन बोटे भिजली की चाड्यावर मूठ धरण्याचा, म्हणजे पेरून टाकण्याचा, मोह होतो. खालची ओल वरच्या ओलीला भिडलेली नसली तर सोयाबीन उगवून कोमेजते आणि दुबार पेरणी येते. उलट चिखलात ट्रॅक्टर घातला तर माती दडपते, पुढे त्या पट्ट्यात पिकाची मुळे खाली जात नाहीत.

झड लागली की प्रश्न उलटा होतो. आठ-दहा दिवस वापसाच आला नाही तर सोयाबीन पिवळे पडते, तण हाताबाहेर जाते, खुरपणीला बाया मिळूनही रानात पाय ठेवता येत नाही. ताण पडून मग मोठा पाऊस झाला, पाणी साचले आणि पाठोपाठ ऊन पडले, तर पात्याफुलांनी भरलेली कपाशी एक-दोन दिवसांत माना टाकते. याला आकस्मिक मर म्हणतात. अतिवृष्टी ठरवायला मंडळात २४ तासांत ६५ मिमीची अट आहे. रोज पंधरा-वीस मिमी पडून वापसा हरवलेले रान त्या हिशेबात बसत नसे. राज्य शासनाने २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य केली, तेव्हा या नुकसानीला कागदावर जागा मिळाली. रुंद वरंबा सरीवर पेरलेल्या सोयाबीनला सरीतून निचरा मिळतो, त्यामुळे वरंब्यावर वापसा लवकर येतो.

रब्बीत ओल घालवण्याची नव्हे, धरून ठेवण्याची धडपड असते. जिरायत ज्वारी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरतात आणि पुष्कळदा ती साठलेल्या ओलीवरच निघते. हस्ताचा पाऊस लांबला तर भारी रानात पेरा मागे पडतो. तो लवकर तुटला तर रान निबर होऊन तिफणीचे (पेरणीच्या औताचे) फण खोल जात नाहीत. पुढे थंडीत काळी जमीन आकसून तडकते आणि भेगांतून उरलीसुरली ओल उडून जाते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे म्हणतात ते याचसाठी. ज्वारी गुडघ्याएवढी होईपर्यंत दोन-तीनदा कोळपे फिरवून वरची माती भुसभुशीत करतात आणि त्याच मातीने भेगा बुजवतात.