नाकेबंदी फोडणाऱ्या आगबोटी

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, १९ एप्रिल १८६१ रोजी, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, तेव्हा ती बरीचशी कागदावरच होती. किनारा साडेपाच हजार किलोमीटरांचा आणि हाताशी तयार असलेली लढाऊ जहाजं पन्नासही नव्हती. दक्षिणेत कापूस उदंड, पण कारखाने फार थोडे. बंदुका, दारूगोळा, बूट, औषधं बाहेरूनच आणायची. इथेच एक धंदा उभा राहिला.

इंग्लंडहून निघालेला माल मोठ्या जहाजांनी बर्म्युडाला किंवा बहामातल्या नासाऊला उतरायचा. पुढचा टप्पा खास आगबोटींचा. यातल्या कित्येक स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवर बांधलेल्या. बुटक्या, चिंचोळ्या, राखाडी रंगाच्या, खाली घेता येईल अशा धुराड्याच्या. कोळसा अँथ्रासाइट, कारण त्याचा धूर जवळपास नसतोच. रात्र शक्यतो बिनचांदण्याची. दक्षिणेतल्या विल्मिंग्टन बंदराच्या खाडीशी आलं की डेकवर चिरूट पेटवायलाही बंदी. होकायंत्राचा दिवा झाकलेला, इंजिनरूमच्या तोंडावर ताडपत्री. जादा वाफसुद्धा पाण्याखालून सोडायची, नाहीतर तिचा फुत्कार दूरवर ऐकू जाई. पहाऱ्याच्या जहाजांमधून निसटून दक्षिणेच्या फोर्ट फिशर किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला पोचलं की सुटले!

यात धाडस होतंच, पण मुळात ही नफ्याची खेप. पकडलेला ब्रिटिश खलाशी तटस्थ देशाचा म्हणून बहुधा सुटायचा; बोट आणि माल मात्र जप्त. दोन खेपा साधल्या की बोटीची किंमत वसूल व्हायची. साहजिकच दारू आणि रेशमालाही जागा मिळे. शेवटी १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारने चैनीच्या वस्तूंवर बंदी घातली आणि बोटीतली निम्मी जागा स्वतःसाठी राखून घेतली.

आगबोटींच्या सुमारे १,३०० प्रयत्नांपैकी हजारांहून अधिक यशस्वी झाले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. मग नाकेबंदी फसली म्हणायची का? मला तसं वाटत नाही. युद्धाआधीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून कापसाच्या सुमारे एक कोटी गाठी बाहेर गेल्या होत्या. युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत जेमतेम पाच लाख. चिंचोळ्या बोटीत मावणार तरी किती?

इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापड गिरण्यांची कापसाची भूक मुंबईने भागवली. कापसाचा पैसा शहरात धो धो आला, समुद्रात भराव घालून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर आभाळाला भिडले. जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडला, एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला शेअरच्या वायद्यांची मुदत भरली तेव्हा मुंबईतल्या अनेक पेढ्यांकडे चुकते करायला पैसाच नव्हता.