सिझर, नॉर्मल आणि बाळाच्या तोंडातले जंतू

बाळंतपण सिझर की नॉर्मल, यावरून बाळाच्या तोंडातले जंतू बदलतात का, या विषयाला जोर आला 2005 नंतर. अमेरिकेतल्या सुमारे दीडशे मायलेकरांच्या अभ्यासात दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स सिझरच्या मुलांच्या तोंडात जवळपास वर्षभर आधी सापडला. सिझरची मुलं त्यात कमीच होती. 2010 मध्ये जन्मल्याबरोबर नमुने घेतले, तेव्हा नॉर्मल बाळांच्या तोंडात आईच्या योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस दिसले आणि सिझरच्या बाळांच्या तोंडात त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस.

त्यातूनच, सिझरच्या बाळालाही योनीमार्गातले जंतू मिळावेत म्हणून, 2016 चा प्रयोग निघाला. सलाइनमध्ये भिजवलेला निर्जंतुक गॉज ऑपरेशनआधी तासभर योनीमार्गात ठेवायचा, चीर देण्यापूर्वी काढायचा आणि बाळ बाहेर येताच आधी तोंडावर, मग चेहऱ्यावर, शेवटी सगळ्या अंगावर फिरवायचा. अशी पुसलेली बाळं होती फक्त चार. त्यांच्या आयांना ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस (नवजात बाळाला घातक ठरू शकणारा जंतू) किंवा लैंगिक संसर्ग नाही, योनीमार्गाचा पीएच (आम्लतेचा आकडा) 4.5 च्या खाली आहे, हे आधी तपासलेलं होतं. बातम्यांतून गॉज घरोघरी पोचला, तपासण्या मागेच राहिल्या. ग्रुप बी असलेल्या आईचा गॉज बाळाच्या तोंडाला लागला तर सेप्सिस (रक्तातून पसरणारा गंभीर संसर्ग) किंवा मेंदूज्वर होऊ शकतो. हर्पीसचा धोका वेगळाच. 2017 मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने संशोधनाबाहेर हे करू नका असं सांगितलं, ते योग्यच झालं. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात दीड महिन्याच्या आसपासच्या बाळांमध्ये सिझर-नॉर्मल असा ठळक फरक उरलेला दिसला नाही.

कोकणात ही विभागणी आणखी धूसर होते. कुडाळ-सावंतवाडीकडून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, रत्नागिरीकडून घाट चढून कोल्हापूरला बाई हलवली जाते, तोवर कधी पाणी गेलेलं असतं, कळा कितीतरी तास चाललेल्या असतात. मग सिझर झालं तरी योनीमार्गातल्या जंतूंशी बाळाची गाठ आधीच पडलेली असू शकते. तारीख ठरवून, पाणी जाण्याआधी केलेल्या सिझरमध्ये तसं होत नाही. दोन्हींना म्हणतात मात्र सिझरच. शिवाय प्रतिजैविक पूर्वी नाळ कापल्यावर देत, आता चीर देण्याआधीच्या तासाभरात, म्हणजे बाळ पोटात असतानाच, देतात. सिझरनंतर पहिलं दूध उशिरा मिळालं तर त्याचाही परिणाम मिसळतो.

म्यूटन्स मुख्यतः दात आल्यावर तळ ठोकतो आणि येतो बहुधा घरच्यांच्या लाळेतून. पेज कढत नाही ना, हे आजी त्याच चमच्याने चाखून बघते, तेव्हाही. चाखायचा चमचा वेगळा ठेवावा. आईच्या किडलेल्या दाढा गरोदरपणाच्या चौथ्या ते सहाव्या महिन्यात भरून घेता येतात. त्याने तिच्या तोंडातला साठाच कमी होतो.